टाकीचा केसपेपर

दातांच्या दवाखान्यात काउंटरमागे बसणाऱ्या बाईंना सगळेच ताई म्हणत. डॉक्टर वयाने लहान म्हणून ताई म्हणायचे, पेशंट घाबरलेले म्हणून ताई म्हणायचे, आणि औषधांची खोकी पोचवणारा माणूस तर इतका वचकून असायचा की दारातूनच "ताई!" करून खोकं आत सरकवायचा आणि काढता पाय घ्यायचा. बावीस वर्षं त्या एका खुर्चीत काढल्यावर ताईंना एक गोष्ट पक्की कळली होती. दात दुखणारा माणूस खरं बोलत नाही. गोड खाल्लं का विचारलं तर नाही म्हणतो, गोळ्या घेतल्या का विचारलं तर हो म्हणतो. म्हणून ताईंचा विश्वास काय तो केसपेपरवर. जे लिहिलेलं नाही ते झालेलंच नाही, असा त्यांचा खाक्या.

माशांची टाकी ही डॉक्टरांची हौस. पोहणारे मासे बघितले की माणसाची धडधड कमी होते, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं आणि दुसऱ्याच आठवड्यात बाहेरच्या खोलीतल्या वर्तमानपत्रांच्या टेबलाची उचलबांगडी झाली.

"आधीच इथे तोंड उघडून बसणाऱ्यांची काय कमी आहे?" ताई म्हणाल्या होत्या. पण टाकी आली, आणि दाणे टाकायचं, काच पुसायचं काम आपसूक त्यांच्याच गळ्यात पडलं.

टाकीत सहा बोटभर मासे होते, अंगावर निळा चमकता पट्टा असलेले. पेशंट त्यांना ट्यूबलाइट म्हणायचे. दोन नारिंगी होते, सतत खायला मागणारे. आणि एक गांडुळासारखा लांबुळका, बिनखवल्यांचा मासा होता, जो आणल्या दिवशी दगडाखाली शिरला तो आजतागायत कुणाच्या दृष्टीस पडला नव्हता. ताई त्याला भाडेकरू म्हणायच्या.

एका दुपारी डॉक्टर जेवून परत आले ते हातात पाण्याची पिशवी घेऊन. पिशवीत दोन गुरामी मासे. सुंदर होते, खोटं कशाला बोला. अंगभर मोत्यांसारखे पांढरे ठिपके, जणू कुणी बसून एकेक टाचला आहे. डॉक्टरांनी पिशवीचं तोंड सोडलं आणि माशांसकट पाणीही टाकीत ओतलं.

"असं थेट घालतात का?" ताईंनी विचारलं.

"त्यात काय? मासेच तर आहेत," डॉक्टर म्हणाले आणि हात धुऊन कुणाची तरी दाढ काढायला आत गेले.

पाचव्या दिवशी सकाळी दाणे टाकताना ताईंचा हात थबकला. एका ट्यूबलाइटच्या शेपटीवर मिठाच्या कणाएवढा पांढरा ठिपका होता. दुसऱ्याच्या पंखावर दोन. नारिंगी मासा दगडाला अंग घासत होता, पाठीला खाज सुटलेला माणूस दाराच्या चौकटीला घासतो तसा. गुरामींचं काही कळेना. त्यांच्या अंगावर मुळातच इतके ठिपके, त्यातले स्वतःचे कोणते आणि नवे कोणते, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

ताईंनी डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर कपाळावरचा दिवा लावून, हातात दात तपासायचा छोटा आरसा घेऊन टाकीसमोर वाकले.

"कीटण असावं," ते म्हणाले.

"डॉक्टर, माशांना कीटण दातांवर येईल. हे शेपटीवर आहे."

डॉक्टर आणखी वाकले. कपाळावरचा दिवा काचेवर आपटून टक्कन आवाज झाला. "मग बघू दोन दिवस," ते म्हणाले. स्वतःच्या पेशंटला त्यांनी हे वाक्य कधीही ऐकवलं नसतं.

दोन दिवसांत ट्यूबलाइटवर कुणी पिठी शिंपडल्यासारखं दिसायला लागलं. आता बाहेर बसलेल्यांच्याही लक्षात आलं. कवळीचं माप द्यायला आलेल्या एका आजींनी चष्मा पुसून ठिपके मोजले आणि मोठ्याने आकडाही सांगितला. शेजारचे गृहस्थ उठून काउंटरपाशी आले.

"मी पुढच्या आठवड्यात येतो," ते म्हणाले. "ज्यांना मासे सांभाळता येत नाहीत त्यांच्या हाती दाढ द्यायची म्हणजे…"

वाक्य अर्धंच सोडून ते गेले. आतलं दार किलकिलं होतं. डॉक्टरांनी ते ऐकलं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग पार उडाला होता. हात सोन्यासारखा असलेला तो माणूस, पण कुणी जरासं टोचून बोललं की दिवसभर शेंगेसारखा वाळून जायचा. ताईंना त्यांची दया आली आणि त्या गृहस्थांचा राग. त्यांनी डॉक्टरांची फोनची डायरी ओढली, 'मासेवाली' शोधलं आणि नंबर लावला.

"हॅलो, माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आलेत. काय करायचं?"

पलीकडे स्फोट झाला. "ठिपके? माझ्या मालावर? अहो, सकाळी धक्क्यावरून उचललेला ताजा माल असतो माझा! घेतला कधी तुम्ही?"

"आठवडा झाला."

"आठवडा! आणि आठवडाभर ठेवलात कशात?"

"पाण्यात. पोहतायत."

पलीकडून फोन आपटला गेला. ताईंनी डायरीत पुन्हा बघितलं. 'मासेवाली' अशा दोन नोंदी होत्या, एक बाजारातली खायच्या माशांची आणि एक दुकानातली पाळायच्या माशांची, आणि डॉक्टरांनी दोन्हींत काही म्हणता काही फरक ठेवला नव्हता. ताईंनी तिथल्या तिथे लाल पेनाने एकीपुढे 'मेलेले' आणि दुसरीपुढे 'जिवंत' असं लिहिलं.

जिवंत माशांच्या मावशी फोनवर भेटल्या आणि त्यांनी पहिल्याच वाक्यात निकाल दिला. "नवे मासे वेगळे न ठेवता घातलेत ना? परजीवी आहे तो. गुरामीबरोबर आला असणार."

"मग औषध?"

"देते. पण नीट ऐका. तो ठिपका दिसतो ना, त्याच्या आत तो किडा सुरक्षित असतो, औषध त्याला शिवतसुद्धा नाही. पोट भरलं की तो गळून खाली खडीत पडतो, तिथे फुटतो, एकाचे शेकडो होतात आणि पाण्यात पोहत नवा मासा शोधतात. औषध लागू पडतं ते तेव्हाच. म्हणून ठिपके गेले तरी थांबायचं नाही, पंधरा दिवस पुरे करायचे. पाणी हळूहळू तीस अंशांपर्यंत कोमट करा, म्हणजे त्याचं चक्र लवकर फिरेल. हवेचा पंप जोरात ठेवा, गाळणीतला कोळसा काढून टाका, नाहीतर तोच औषध पिऊन टाकेल. थोडं मीठ, विरघळवून. आणि बिनखवल्यांचा कुणी आहे का?"

"एक आहे. म्हणजे होता. असावा."

"मग औषध अर्ध्या मापाने. टाकी किती लिटरची?"

ताईंनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, "शंभर तरी असेल." ताई मावशींना म्हणाल्या, "उद्या सांगते."

कारण असल्या बाबतीत विश्वास ठेवावा असा एकच माणूस त्यांना ठाऊक होता आणि तो घरी आरामखुर्चीत बसून होता. ताईंचे यजमान पाणीखात्यात मीटर वाचायच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. तीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे टिपल्यावर आता त्यांना टिपायला काही उरलं नव्हतं, आणि ते दिवसेंदिवस अबोल होत चालले होते. चहा झाला का, वीज आली का, एवढंच बोलायचे. ताईंनी टाकीचं सांगितल्यावर ते खुर्चीतून उठले, कपाटातून टेप काढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोच्या आधी चप्पल घालून दारात उभे राहिले.

त्यांनी टाकी आतून मोजली, बाहेरून मोजली, पाण्याची उंची मोजली. खडीची जाडी पट्टीने बघितली. "काचेचा शंख किती पोकळ आहे?" असंही विचारलं. मग पाठकोऱ्या कागदावर गुणाकार केला.

"बावन्न लिटर," ते म्हणाले. "शंभर कोण म्हणालं?"

डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले.

ताईंनी कोरा केसपेपर घेतला. नाव: टाकी. वय: दीड वर्ष. तक्रार: अंगावर ठिपके, खाज. त्याखाली रकाने आखले, तारीख, तापमान, पाणी किती बदललं, मीठ, औषध, देणाऱ्याची सही. कागद टाकीच्या बाजूला चिकटवला आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं: ताईंशिवाय कुणीही काहीही घालू नये.

उपचार सुरू झाले. एक दिवसाआड सकाळी दवाखाना उघडायच्या आधी ताई नळीने खडीतला गाळ ओढून चौथा हिस्सा पाणी काढायच्या, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं नवं पाणी घालायच्या, मग औषधाचे थेंब मोजायच्या. औषध गर्द निळं. पाणी निळं झालं, नळी निळी झाली, आणि ताईंचे दोन्ही हात मनगटापर्यंत निळे झाले, ते कशाने जाईनात. चिठ्ठी घेताना पेशंट त्या हातांकडे बघायचे आणि आत काय चालत असेल म्हणून आतल्या दाराकडे. खुर्चीवर बसल्यावर चूळ भरायला दिलेलं पाणी दोघांनी उजेडात धरून तपासलं.

तिसऱ्या दिवशी एक ट्यूबलाइट गेला. ताईंनी केसपेपरवर वेळेसकट नोंद केली आणि त्याला खिडकीतल्या कुंडीत पुरलं. डॉक्टर हातमोजे काढून मुद्दाम बाहेर आले आणि कुंडीपाशी जरा वेळ नुसते उभे राहिले. त्या दिवशी पहिल्यांदा ताईंना जाणवलं की आपणही सकाळी आल्या आल्या, पर्स ठेवायच्या आधी, टाकीत डोकावतो.

या सगळ्याला एक कायमचा साक्षीदार होता. त्यांना सगळे ट्रॅफिककाका म्हणत. आयुष्यभर चौकात उभं राहून वाहनांना हात दाखवलेला हा माणूस. त्यांचं रूट कॅनॉल काही केल्या संपत नव्हतं, आणि ते प्रत्येक वेळी तासभर आधी येऊन टाकीसमोरची खुर्ची अडवायचे. एरवीही, दवाखान्यात काम नसलं तरी, "जाता जाता" डोकावायचे. त्यांना टाकीतली वाहतूक पसंत नव्हती. "तो नारिंगी बघा, सारखा चुकीच्या बाजूने घुसतो," म्हणायचे.

सहाव्या दिवशी ठिपके नाहीसे झाले. मासे आरशासारखे लख्ख. डॉक्टर टाळ्या वाजवायच्याच बेतात होते.

"झालं! बरे झाले! ताई, ते निळं पाणी आता बदलून टाका."

"डॉक्टर," ताई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "सूज उतरली म्हणून गोळ्या मध्येच सोडणाऱ्याला तुम्ही काय म्हणता?"

डॉक्टर आत गेले. पण त्यांच्या मनातली भीती काही गेली नव्हती, आणि हे ताईंना कळलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला कवळीवाल्या आजी ओरडल्या, "अगं बाई, हे सगळे वर का आलेत?"

ताई धावल्या. ट्यूबलाइट, नारिंगी, सगळे पाण्याच्या वरच्या थराला तोंडं लावून धापा टाकत होते. एक तिरका तरंगत होता. केसपेपर बघितला तर सगळं बरोबर. तापमान तीस, पंप चालू, औषध काल मापात. मग झालं काय?

त्याच वेळी ट्रॅफिककाका खुर्चीतून ताडकन उठले. डॉक्टरांनी दहा मिनिटांपूर्वी त्यांना भुलीचं इंजेक्शन देऊन, जबडा बधिर होईपर्यंत बाहेर बसवलं होतं. त्यांचा खालचा ओठ आणि अर्धी जीभ कामातून गेली होती.

"ताई," ते म्हणाले, "ई ईठ घातलं."

"इथं? काय घातलं इथं?"

"ईठ! ईठ!"

"वीट? टाकीत वीट घातलीत?"

काकांनी जोरात नकारार्थी मान हलवली. मग मूठ वळून ताईंच्या नाकासमोर धरली. ताई दोन पावलं मागे सरकल्या. काकांनी मूठ टाकीवर नेली आणि बोटं हलवून काहीतरी भुरभुरवल्यासारखं केलं. आजींना कळलं. "मीठ! मीठ घातलं म्हणतायत ते!"

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ताईंच्या हातातलं पेन घेतलं आणि केसपेपरवरच लिहिलं: 'तीन दिवस. रोज एक मूठ. लवकर बरे व्हावेत म्हणून.' आणि समोरच्या रकान्यात, सवयीने, सहीसुद्धा केली.

ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "काका, इतकं ठळक लिहिलंय, तुम्हाला वाचता येत नाही? आयुष्यभर लोकांना पाटी वाचायला लावलीत ना तुम्ही?" मग त्यांची नजर आतल्या दाराकडे गेली. डॉक्टर चौकटीत उभे होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

"डॉक्टर?"

"एकेक झाकण," डॉक्टर पुटपुटले. "औषधाचं. संध्याकाळी, तुम्ही गेल्यावर. चार दिवस. मला वाटलं अर्ध्या मापाने किडे मरणार नाहीत आणि परत ठिपके आले तर लोक…"

ताईंनी तोंड उघडलं. दोघांनाही धारेवर धरायला त्यांच्याकडे शब्द तयार होते, बावीस वर्षांचे साठवलेले. पण तोंड उघडंच राहिलं. कारण काल सकाळी, तो बारका ट्यूबलाइट जरा मंद वाटला म्हणून, त्यांनी स्वतः एक चमचा मीठ जास्तीचं घातलं होतं. आणि ते लिहिलं नव्हतं.

त्यांनी काकांच्या हातातून पेन परत घेतलं. केसपेपरवर कालची तारीख टाकली, 'एक चमचा जादा' लिहिलं, सही केली.

"आता बघता काय?" ताई म्हणाल्या. "पाणी बदलायचंय. अर्ध्याहून जास्त. उठा!"

मागच्या खोलीत भरून ठेवलेल्या तीन बादल्या होत्या. डॉक्टरांनी भांड्यात पाणी गरम केलं, हत्यारं उकळायच्याच भांड्यात. आजींनी हत्यारांच्या ट्रेमधलं थर्मामीटर उचलून बादलीत धरलं आणि "अजून थंड… अजून… बास!" असा पुकारा सुरू केला. अक्कलदाढेसाठी आलेल्या एका मुलीने गालावरची बर्फाची पिशवी ओढणीने बांधून घेतली आणि भरलेली बादली उचलली. ताई नळीने जुनं पाणी काढत होत्या, डॉक्टर वाटीवाटीने नवं घालत होते. मधल्या अरुंद वाटेत दोन बादल्या समोरासमोर आल्या आणि आता टक्कर होणार, इतक्यात ट्रॅफिककाका मध्ये उभे राहिले. डावा हात आडवा केला, भरलेली थांबली. उजवा हात कानापासून पुढे फिरवला, रिकामी गेली. शब्द एक नाही, पण असा चोख बंदोबस्त त्या खोलीने कधी पाहिला नव्हता.

अर्ध्या तासाने पाणी फिक्कट झालं. मासे एकेक करून खाली उतरले. सगळे काचेला नाक लावून बघत होते, तेवढ्यात दगडाखालून एक लांबुळकं, पट्ट्यापट्ट्यांचं अंग बाहेर आलं, सावकाश वळसे घेत टाकीभर फिरलं आणि समोरच्या काचेपाशी येऊन थांबलं.

"भाडेकरू!" ताई ओरडल्या. "अहो, हा आहे! जिवंत आहे!"

डॉक्टरांनी हातमोज्यांसकट टाळ्या पिटल्या. काकांनी दोन्ही हात वर केले, चौकातली सगळी वाहतूक थांबवल्यासारखे. भाडेकरूने सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि तो पुन्हा दगडाखाली गेला.

उरलेले दिवस औषधाची बाटली ताईंच्या पर्समध्ये राहिली आणि मीठ घरी. ठिपके परत आले नाहीत. पंधराव्या दिवशी ताईंनी गाळणीत नवा कोळसा घातला, दोन दिवसांत पाणी स्वच्छ झालं आणि केसपेपरवर शेवटची ओळ पडली: 'बरे. पाच ट्यूबलाइट, दोन नारिंगी, दोन गुरामी, एक भाडेकरू.' काकांचं रूट कॅनॉल त्याच आठवड्यात संपलं, पण ते येतच राहिले.

गेलेल्या ट्यूबलाइटच्या जागी डॉक्टरांना तीन नवे आणायचे होते. ताईंनी परवानगी दिली, एका अटीवर. नवे मासे आधी तीन आठवडे वेगळे राहणार, आणि तेही दवाखान्यात नाही, त्यांच्या घरी. गॅलरीतल्या प्लास्टिकच्या टबात त्यांची सोय झाली. देखरेख यजमानांकडे.

यजमानांनी वही केली. सकाळी सात, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, तीन वेळा पाण्याचं तापमान टिपायचे. आठवड्याभरात ताईंना जेवताना ऐकायला मिळू लागलं की मधला दाणे आधी खातो, धाकटा लाजरा आहे, आणि आज दुपारी ऊन आलं म्हणून टबावर छत्री धरून बसावं लागलं. ताई घास हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिल्या. नोकरी सुटल्यापासून हा माणूस एका दमात इतका बोलला नव्हता.

तीन आठवडे झाले. ताईंनी घरी पिशवी आणली.

"आणखी आठवडाभर बघू," यजमान म्हणाले. "त्या लाजऱ्याच्या पंखावर मला काहीतरी वाटतंय."

ताईंनी चष्मा लावून बघितलं. काहीही नव्हतं. तिन्ही मासे ठणठणीत होते.

"हो," त्या म्हणाल्या. "मलाही वाटतंय."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "ताई, नवे मासे कधी येणार?"

"निरीक्षणाखाली आहेत," ताई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.